जागा अडवून बसलेली माणसं

‘एवढ्या महाग जागी तुमच्यासारख्यांनी राहायचंच कशाला? बायपासकडे जा, निम्म्या पैशांत सुटाल.’ गेलं वर्षभर हा सल्ला इतक्यांच्या तोंडून ऐकलाय की आता डोकं फिरतं. देणारे बहुधा पुण्या-मुंबईचे पाहुणे. कधी इथलेच, सिटी सेंटरला बंगला बांधून गाडीतून महाराज बाड्यावर साडी घ्यायला येणारे. ऐकणारे मात्र कायम तेच. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कुठल्यातरी गोठीत, म्हणजे जुन्या सरदारी वस्तीत, दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटलेले आणि वीस तारीख उलटली की डबे हलवून पाहणारे.

बाकी २०२५ साल कसं गेलं ते तुम्हाला सांगायला नकोच. सोनं तोळ्याला लाखापार गेलं आणि सराफ्यातून मान खाली घालून चालायची सवय लागली. जयंत नारळीकर गेले. महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी नको म्हणून रान उठलं. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि वर्गात इंग्रजी बोलणारी आमची पोरं कुणाला आठवली नाहीत, आणि तेच बरं झालं. चेतकपुरीचा नवाकोरा रस्ता पावसात खचला, बुजवला, परत खचला. झालं वर्ष.

तर मुद्दा सल्ल्याचा. आमच्या दिवाळी अंकाची मुद्रितं तपासणाऱ्या बाईंचंच घ्या. यजमान टोपी बाजारात कापडाच्या दुकानात नोकरीला. गल्ल्यावर नाही, गिऱ्हाइकापुढे तागे उलगडायला. बाई सकाळी एका खासगी शाळेत शिकवतात, दुपारी आमचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात आणि संध्याकाळी चार मुलांच्या शिकवण्या घेतात. घरात दोन मुलं आणि सासूबाई. भाडं किती ते छापत नाही, घरमालक आपले वाचक आहेत. बाईंच्या हिशेबाच्या वहीत दूध, गॅस, फी, औषधं, देणं-घेणं सगळ्याला रकाना आहे, जाण्यायेण्याला नाही. शाळा पायी, दुकान पायी, मंडई पायी. डाळ दाल बाजारातून एकदम आणायची आणि शेजारच्या वहिनींशी निम्मी वाटून घ्यायची, म्हणजे घाऊक भाव पडतो. सासूबाई काठी टेकत ढोलीबुवांच्या मठात कीर्तनाला जाऊन येतात. पोरगी दिवेलागणीला एकटी गाण्याला जाते आणि एकटी परत येते, कारण वाटेतल्या प्रत्येक दुकानदाराला ती कुणाची ते ठाऊक आहे.

गेल्या साली नवरा-बायको बायपासपलीकडे एक प्लॉट पाहून आले. कागदावर सगळं झकास. मग बाईंनी वहीचं कोरं पान घेतलं. दोघा मुलांची शाळेची व्हॅन. एक स्कूटर, तीही ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यातून, कारण तिथे रोड टॅक्स निम्मा लागतो. पेट्रोल. नळ यायचाय, तोवर टँकर. कॉलनी अजून वैध झालेली नाही, त्यामुळे बँक दारात उभं करत नाही. मग कर्ज देणारा दुसरा आणि त्याचं व्याजही दुसरं. संध्याकाळच्या शिकवण्या बंद, कारण ती चार मुलं गोठीतली. गाणं बंद, कारण रात्री पोरीला आणायला कोण जाणार. बेरीज करून झाल्यावर मला म्हणाल्या, ‘दादा, घरमालकाला देतो ते पेट्रोलवाल्याला द्यायचं, वर डोक्यावर हप्ता.’

आता हे ज्या मिळकतीत बसवायचं तिचाही अंदाज घ्या. आपल्या मध्य प्रदेशात किमान वेतनाचे मूळ दर २०१४ नंतर सुधारले ते थेट एप्रिल २०२४ मध्ये. ते कोर्टात अडकले आणि वर्ष सरता सरता सुटले. सुधारल्यावर अकुशल माणसाच्या वाट्याला आले महिना बारा हजारांच्या आसपास, आणि कागदावरचा हा दरही दुकानातल्या पोराच्या हातात पडतोच असं नाही. अशा माणसाला महाग वस्ती परवडत नाही, हे सगळे सांगतात. लांबची वस्ती त्याला त्याहून परवडत नाही, हे कुणी सांगत नाही. ज्याच्याकडे गाडी आहे त्याने खुशाल दहा किलोमीटरवर राहावं. ज्याच्याकडे फक्त पाय आहेत त्याचं घर बाजाराला, शाळेला, दवाखान्याला लागूनच हवं.

ही काही माझी नवी अक्कल नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली इथे तळ दिला, त्या छावणीचं शहर झालं. सरदाराच्या वाड्याभोवती त्याचा कारकून, आचारी, पुजारी, शिलेदार अशी सगळीच माणसं वसली. चिटणीसांची गोठ, शितोळेसाहेबांची गोठ, कदमसाहेबांचा बाडा ही नावं सरदारांची; राहणारे बहुतेक तुमच्या-माझ्यासारख्यांचे पणजोबा. त्या व्यवस्थेत जुलूम नव्हता असं म्हणायला मी काही भाट नाही. पण गरिबाने शहराच्या पोटात राहू नये, असं तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पुढे बिर्लानगरात गिरणी आली तेव्हाही कामगारांच्या लाइनी गिरणीला लागूनच बांधल्या. ती जेसी मिल १९९२ मध्ये बंद पडली, तरी माणसं त्या लाइनींना धरून राहिली.

आणि गाणं? २०२३ च्या ऑक्टोबरात युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर ठरवलं, आपण पेढे वाटले. हे गाणं राजवाड्यातल्या झुंबरांखालीच वाढलं असं समजणाऱ्यांनी जरा गल्लीत शिरावं. गायक कृष्णराव पंडितांनी १९१४ मध्ये वडिलांच्या नावाने गांधर्व महाविद्यालय काढलं, १९१८ मध्ये माधवराव महाराज आणि भातखंड्यांनी माधव संगीत महाविद्यालय उभं केलं. सरोदवादक हाफिज अली खाँसाहेबांचं घर, आजचं सरोद घर, जिवाजीगंजात आहे. हे सगळं उभं राहिलं ते लष्करातच, पायी जाण्याच्या टप्प्यात. गुरूच्या घरापासून हाकेच्या अंतरावर स्वस्त खोली नसेल तर तिथे रियाझाला येणार कोण? ज्यांचे बाप गाडीने सोडतील तेवढेच.

घरमालकांची बाजू नाही असं नाही. १९६१ च्या स्थान नियंत्रण अधिनियमाच्या छायेत जुनी भाडी अशी गोठली की त्यात गिलावासुद्धा होत नाही. कित्येक मालकिणी स्वतःच पेन्शनवर दिवस काढतात. पण भिंत पडेल याची वाट पाहत बसायचं, पावसाळ्यापूर्वी पालिकेची ‘जर्जर’ची नोटीस आली की मनातून हसायचं आणि बिऱ्हाडं निघाली की चार मजली शोरूम उठवायची, हा जो रिवाज पडलाय त्याला मी दुरुस्ती म्हणणार नाही. स्मार्ट सिटीने बाड्याच्या इमारतींच्या दर्शनी भागांवर दिवे सोडले, तिथल्याच गोरखी परिसरात डिजिटल म्युझियम केलं. छान दिसतं. त्या दर्शनी भागांच्या मागे राहणाऱ्यांसाठी घरकुलं मात्र शहराच्या कडेला.

या वर्षीच्या खास विभागाचा विषय ‘गल्ली’ आहे. तो मे महिन्यातच ठरला होता, या रागाशी त्याचा संबंध मी आत्ता जोडतोय. ओढूनताणून वाटला तर वाटू द्या. विभागातले लेख चांगले आहेत. दोन जरा जास्तच हळवे झालेत, ते सायंकाळी वाचा.

शेवटी एक विनंती. वाडा पाडून नवं बांधकाम काढणाऱ्या वाचकांपैकी कुणी खाली दुकानं काढून वर दोन-दोन खोल्यांची बिऱ्हाडं ठेवली असतील, भाडं वाजवी वाढवून का होईना पण जुने भाडेकरू परत आणले असतील, तर आम्हाला कळवा. नकाशा, खर्च, भाड्याचा करार, सगळं पाठवा. पुढच्या दिवाळीत ते पूर्ण पान देऊन छापू, आणि त्यासाठी बायपासच्या प्लॉटांची एखादी जाहिरात परत करावी लागली तर करू. यंदा तीन छापल्यात, तुम्ही पाहालच.