परवलीचा शब्द कोणाचा चुकतो?

संगणकाच्या ‘पासवर्ड’ला मराठीने ‘परवलीचा शब्द’ असे नाव दिले, ते आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते. परवली ही चौकी-पहाऱ्यावरची खूण. रात्री दरवाजाशी आलेला माणूस आपला की परका, हे पहारेकऱ्याने त्या एका शब्दावरून ओळखायचे. मात्र तो पहारेकरी माणूस होता. शब्द नीट ऐकू आला नाही तर तो पुन्हा विचारू शके, आवाज ओळखू शके. संगणकाच्या दारातील पहारेकऱ्याजवळ ही सोय नाही. त्याच्याजवळ एकच वाक्य आहे, ‘परवलीचा शब्द चुकीचा आहे’, आणि ते वाक्य दोष नेहमी दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसावरच ठेवते. लिनक्स नव्याने बसवल्यानंतर येणाऱ्या प्रवेशाच्या अडचणींचा विचार आम्ही या वाक्यापासून करू इच्छितो. तो साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे का करायचा, हे ओघात स्पष्ट होईल.

विषय तातडीचा होण्याचे कारण साधे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित आधार संपला. जे संगणक ‘विंडोज ११’च्या अटींत बसत नाहीत, ते चालू स्थितीत असूनही निकामी ठरवण्याची वेळ आली. जुन्नर-आंबेगावसारख्या तालुक्यांत चालता संगणक टाकून देणे घराला परवडत नाही आणि शाळेलाही नाही. अशा यंत्रावर उबुंटू, मिंट, डेबियन किंवा फेडोरा बसवणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. लिनक्स या भागाला परके आहे असेही नाही. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिच्याकडे येणाऱ्या संकेतांवर तत्क्षणी प्रक्रिया करणारी यंत्रणा लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांच्या समूहावर उभारली गेली. आकाश वाचणारी प्रणाली आणि नारायणगावच्या किंवा मंचरच्या विद्यार्थ्याच्या टेबलावरची प्रणाली मुळात एकाच जातकुळीची आहे. फरक इतकाच की दुर्बिणीपाशी जाणकार असतात आणि टेबलापाशी विद्यार्थी एकटा असतो.

या एकट्या विद्यार्थ्याला दारातून परत पाठवले जाते, ते तीन प्रकारांनी, आणि तिन्हींचे अर्थ वेगवेगळे आहेत. पहिल्या प्रकारात शब्द टंकल्यावर क्षणभर थांबून ‘चुकीचा’ असा निर्वाळा येतो. दुसऱ्या प्रकारात निर्वाळा येत नाही. पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा तेच प्रवेशाचे पान समोर उभे राहते. तिसऱ्या प्रकारात चित्रमय दरवाजाच दिसत नाही. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे, किंवा तीही नाहीत. भांबावलेला माणूस तिन्ही अनुभवांना एकच नाव देतो, ‘लॉगिन होत नाही’. कवितेच्या तासाला आपण ‘मला कळली नाही’ या उत्तरावर थांबत नाही; कोठे कळली नाही, शब्दापाशी की संदर्भापाशी, हे विचारतो. येथेही तेच विचारायचे आहे.

पहिल्या प्रकारात मराठी माणसाने सर्वप्रथम कळफलकावर संशय घ्यावा. स्थापनेच्या वेळी परवलीचा शब्द इंग्रजी कळफलकावर ठरवला गेला आणि नंतर प्रवेशाच्या पानावर मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक चालू राहिला, तर काय होते ते पाहावे. इन्स्क्रिप्ट ही १९८६ साली प्रमाणित झालेली, वर्णमालेच्या शिस्तीवर बेतलेली रचना. तिच्यात रोमन अक्षराचा आणि मराठी ध्वनीचा मेळ असेलच असे नाही. रोमनमधील ‘कमल’ हा शब्द त्याच पाच कळांवर टंकला, तर उमटते ‘कोसोत’. पडद्यावर तर ठिपकेच दिसतात. टंकणाऱ्याची खात्री असते की आपण ‘कमल’ म्हटले. यंत्राने ‘कोसोत’ ऐकलेले असते. दोघेही खरे बोलत असतात आणि दोषी मात्र एकच ठरतो. उपाय सोपा आहे. प्रवेशाच्या पानाच्या कोपऱ्यात कळफलकाची भाषा दाखवणारी खूण बहुधा असते, ती पाहावी आणि बदलावी. कॅप्स लॉकही तपासावा. बूट होताच, प्रवेशाच्या पानाआधी, चकतीच्या कूटबद्धीकरणाचा शब्द विचारला जात असेल, तर तेथला कळफलक आणखी निराळा असू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

येथे एक आडवा प्रश्न आम्हाला टाळता येत नाही. २००० नंतरच्या दशकात इंडलिनक्ससारख्या उपक्रमांतून आणि स्वयंसेवकांच्या श्रमांतून ग्नोम, केडीई यांसारखी लिनक्सची दालने मराठीत आली. त्या श्रमांचे मोल मोठे आहे. तरीही दारावरची पाटी मराठीत असून दारातून आत जाताना नाव रोमनमध्येच सांगावे लागते. बहुतेक प्रचलित लिनक्स प्रणाली खात्याचे नाव रोमन लिपीतील लहान अक्षरांतच मागतात. देवनागरीला स्थान मिळते ते ‘पूर्ण नाव’ या शोभेच्या रकान्यात. मग निदान परवलीचा शब्द तरी देवनागरीत ठेवावा, असा भाषाभिमानी मोह होतो. आम्ही तो आवरण्याचा सल्ला देऊ. ‘दऱ्या’ हा सह्याद्रीच्या कुशीतला साधा शब्द घ्या. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही ‘दऱ्या’ सारख्याच. यंत्र मात्र अक्षराचे रूप पाहत नाही, त्यामागचे आकडे पाहते, आणि ते आकडे वेगळे असतात. शिवाय चित्रमय दालन बिघडल्यावर ज्या मजकुरी पडद्याचा आधार घ्यावा लागतो, तेथे देवनागरी नीट उमटत नाही. तेव्हा परवलीचा शब्द रोमन अक्षरे व आकडे यांचाच असावा. हा लिपीचा पराभव मानण्याचे कारण नाही. पण लिपीवर झालेला हा अन्याय आहे, हे विसरण्याचेही कारण नाही.

दुसरा प्रकार अधिक गूढ वाटतो आणि अधिक चुकीचा वाचला जातो. शिवनेरीला पायरीवाटेने चढणाऱ्याला सात दरवाजे ओलांडावे लागतात, हे येथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्यांतल्या एकाचे नावच ‘परवानगीचा दरवाजा’ असे आहे. लिनक्सची वाटही साधारण सात टप्प्यांची मानता येईल: यंत्राचे मूळ फर्मवेअर, ग्रब हा आरंभक, कर्नेल, पार्श्वभूमीवरच्या सेवा, प्रवेशाचे पान, ओळखीची पडताळणी आणि शेवटी वापरकर्त्याचे स्वतःचे दालन. ज्याला पुन्हापुन्हा त्याच पानावर आणून सोडले जाते, त्याचा परवलीचा शब्द सहाव्या दरवाजात मान्य झालेला असतो. त्याला परत फिरवतो तो सातवा दरवाजा. ‘चुकीचा’ हे वाक्य न येणे हाच त्याचा पुरावा. अशा वेळी परवलीचा शब्द दहा वेळा टंकणे म्हणजे उघडलेल्या कुलपाला पुन्हा किल्ली लावत बसणे होय.

मग अडते कोठे? चकती भरून गेली असेल तर दालन उभारण्यास लागणाऱ्या बारीकसारीक फाइली लिहिता येत नाहीत आणि प्रवेश तेथेच मोडतो. चित्रमय दालनासाठी लागणारी ‘एक्स-ऑथॉरिटी’ ही लपलेली फाइल कधी प्रशासकाच्या मालकीची होऊन बसते. स्वतःच्या घरातली वस्तू मग स्वतःलाच हाताळता येत नाही. ग्राफिक्सचा चालक जुळत नसेल तरीही हेच घडते. तेव्हा प्रवेशाच्या पानावरील दातेरी चाकाच्या खुणेतून दुसरे सत्र निवडून पाहावे. जुने घर तसेच ठेवून नवी प्रणाली बसवली असेल, तर आणखी एक कारण संभवते. लिनक्स माणसाला नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखते. आज पहिल्या वापरकर्त्याला बहुधा १००० हा क्रमांक मिळतो. फेडोरात २०११ सालच्या सोळाव्या आवृत्तीपूर्वी तो ५०० पासून सुरू होई. नाव तेच आणि क्रमांक निराळा असेल, तर घर परक्याचे ठरते. कधी खाते असते पण त्याचे घरच जागेवर नसते. मूळचे आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, कचेरी घोडेगावात आहे, तालुक्याचे नाव मात्र आंबेगावच राहिले. नाव आणि घर यांची अशी फारकत होऊ शकते, हे या तालुक्याला कोणी वेगळे समजावून सांगायला नको.

शिवनेरीला दुसरीही एक वाट आहे, साखळीची. ती अवघड आहे, पण दरवाजे टाळून वर नेते. लिनक्सलाही अशी वाट असते. प्रवेशाच्या पानावरच कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबल्या की मजकुरी पडदा उघडतो. तेथे नाव आणि परवलीचा शब्द द्यावा. शब्द टंकताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, म्हणून घाबरू नये. तेथे प्रवेश मिळाला तर शब्द बरोबर आहे आणि बिघाड दालनात आहे. तेथेही नकार मिळाला तर शब्दावर किंवा कळफलकावर परत यावे. अर्धी परीक्षा या एका पायरीत होते. आत गेल्यावर ‘डीएफ’ ही आज्ञा चकतीत किती जागा उरली ते सांगते, ‘एलएस’ला योग्य जोड दिली की फाइलींची मालकी दिसते, आणि ‘जर्नलसीटीएल’ ही प्रणालीची रोजनिशी उघडते. शब्द खरोखरच विसरला असेल तर ग्रबच्या यादीतील दुरुस्तीच्या पर्यायातून तो बहुधा नव्याने ठरवता येतो. तिसऱ्या प्रकारावर, म्हणजे दरवाजाच न दिसण्यावर, येथे अधिक लिहीत नाही. तो बहुतांशी ग्राफिक्सचा प्रश्न असतो आणि आरंभकाच्या ओळीत ‘नोमोडसेट’ हा शब्द तात्पुरता घातल्याने पुष्कळदा दार निदान दिसू लागते.

हे सारे सांगण्याचा हेतू तंत्रज्ञ घडवण्याचा नाही. हेतू एक सवय मोडण्याचा आहे. प्रवेश मिळाला नाही की ‘पुन्हा फॉरमॅट करा’ हा सल्ला बाजारात सर्रास मिळतो, आणि घाबरलेला माणूस तो मान्य करतो. समजा, आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्या-वस्त्यांवर फिरून एका विद्यार्थिनीने जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आहेत, आणि नव्या प्रणालीवर काम सुरू करून चार महिन्यांनी, चकती ध्वनिमुद्रणांनीच भरल्यामुळे, एका सकाळी तिला प्रवेश मिळत नाही. तिच्या ओव्या जागेवर सुरक्षित आहेत. चकती कूटबद्ध नसेल तर पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सने त्या कोणत्याही परवलीच्या शब्दावाचून उतरवून घेता येतात. कूटबद्ध असेल तर तिचा शब्द मात्र हाताशी हवा. पण फॉरमॅटनंतर त्या ओव्या गेल्या, आणि गाणारी म्हातारी पुढच्या वर्षी भेटेलच असे नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांच्या प्रकल्पाने एक लाखाहून अधिक ओव्या जपल्या, त्या अनेक हातांच्या चिकाटीमुळे. एका चुकीच्या वाचनाने असे संचित पुसले जाऊ शकते. दरवाजा अडला म्हणून कोणी किल्ला पाडत नाही.

यावर आक्षेप येईल की संदेश मोघम असतो तो मुद्दाम; नाव चुकले की शब्द, हे सांगितले तर चोराला वाट सापडेल. आक्षेप योग्य आहे. परंतु ‘सध्या मराठी कळफलक चालू आहे’ हे संदेशालगतच ठळक सांगण्याने चोराचा कोणताही फायदा होत नाही, आणि प्रामाणिक माणसाची निम्मी वणवण वाचते. ‘तुम्ही चुकलात’ आणि ‘जुळले नाही’ या दोन वाक्यांतला फरक ज्यांना शिकवावा लागत नाही, ते लोक साहित्याच्या वर्गांत बसलेले आहेत. मुक्त प्रणालींचे मराठी संदेश कोणालाही सुधारून पाठवता येतात; ते काम अभियंत्यांवर सोडून आपण त्यांच्या मराठीला नावे ठेवत बसतो, हे आम्हाला न्याय्य वाटत नाही. केरळातील सरकारी शाळांनी मुक्त प्रणाली वर्गात आणून रुजवली. आपल्याकडे निदान मराठी विभागांनी एवढे करावे: प्रत्येक संगणकावर दुसरे एक प्रशासक-खाते ठेवावे, घराचा विभाग प्रणालीपासून वेगळा ठेवावा, साहित्याची एक प्रत बाहेर ठेवावी, आणि वर्षातून एक तास विद्यार्थ्यांना दारावरचा नकार वाचायला शिकवावा.

शहरातल्या मुलाला प्रवेश मिळाला नाही तर तो यंत्राला दोष देतो. तालुक्यातली मुलगी बहुधा स्वतःला देते. तिच्यापुढचे वाक्यही तिला तेच सांगत असते. ते वाक्य नेहमीच खरे नसते, एवढे तिला वेळेवर कळावे, म्हणून हा लेखनप्रपंच.