गाडीपुढचे गार्ड : ठेवावे की काढावे?

घरात बोलेरो किंवा स्कॉर्पिओ आली की आठवडाभरात एक प्रश्न हमखास निघतो : पुढे गार्ड बसवायचे का? सीटकव्हर, मॅट आणि पुढचे लोखंडी गार्ड, अशी खरेदीची यादी सोलापुरात जणू ठरूनच गेली आहे. सीटकव्हर चुकले तर फार तर रंग आवडत नाही. गार्डचा संबंध मात्र रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाच्या हाडांशी येतो. म्हणून या महिन्यात त्याविषयी.

आमच्या घरी हा प्रश्न सध्या खरोखरच आला आहे. माझ्या धाकट्या भावाने जुनी बोलेरो घेतली, तिला आधीच्या मालकाने बसवलेले जाडजूड गार्ड आहे. मी ते काढ म्हणते. कामासाठी त्याला आठवड्यातून दोनदा बार्शीला जावे लागते आणि परतायला रात्र होते. “आपा, नान्नजच्या माळावर काळवीट कधी आडवे येईल सांगता येत नाही. उसाच्या ट्रॉलीला मागे लाईट नसते. गार्ड काढून काय मिळणार?” त्याची भीती खोटी नाही. तो रस्ता रात्री ज्याने चालवला आहे त्याला ती ठाऊक आहे.

गार्डचा फायदाही मान्य करायला हवा. पार्किंगमध्ये किंवा बाजारात हळू धक्का लागला तर बंपर, दिवे, जाळी वाचते. ऑस्ट्रेलियात या गार्डची पद्धत पडली तीही कारणाने. तिथे कांगारू आडवे येतात आणि शेकडो किलोमीटर गाव नसते. रेडिएटर फुटला तर माणूस उन्हात अडकतो. आपल्याकडे बार्शी रोडला वैराग आहे, गॅरेज आहेत, फोन लागतो. तिथली गरज आपली नाही.

आता दुसरी बाजू. गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चेपेल असा बनवलेला असतो. तो चेपताना धक्का पितो, आतल्या माणसांपर्यंत कमी पोचू देतो. गार्डचे ब्रॅकेट थेट चासीला बोल्टने आवळलेले असतात, त्यामुळे धक्का वेगळ्याच वाटेने आत येतो. १ जुलै २०१९ पासून नव्या कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. ती उघडायची की नाही हे सेन्सर सेकंदाच्या काही शतांश भागात ठरवतात, आणि तो हिशेब कंपनीने मूळ गाडीवर चाचण्या करून बसवलेला असतो. पुढे लोखंड जोडले की एअरबॅग उशिरा उघडण्याचा किंवा भलत्याच वेळी उघडण्याचा धोका राहतो.

ट्रॉलीचे म्हणाल, तर मागे लोंबणारा ऊस काचेच्या उंचीवर असतो. गार्ड त्याच्या खालीच राहते.

मला सर्वांत जास्त टोचते ती गोष्ट शाळेच्या फाटकाशी दिसते. पहिलीतले मूल साधारण ११५ सेंटिमीटर उंच असते. शाळा सुटते तेव्हा रस्त्याकडेला उभ्या मोठ्या गाड्यांची गार्ड पाहा. वरचा पाइप मुलाच्या छातीच्या, कधी चेहऱ्याच्या पातळीवर येतो. बॉनेटचा पत्रा थोडा तरी दबतो, पाइप दबत नाही. शिवाय तो सगळा मार एका अरुंद पट्टीवर देतो. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर चालणारे वारकरी, पहाटे मशिदीकडे निघालेले बुजुर्ग, रात्रपाळीहून सायकलवर परतणारे कामगार, सगळे याच गाड्यांसमोर असतात. युरोपात २००५ मध्ये नियम आला की पायी चालणाऱ्याला होणाऱ्या इजेची चाचणी पार केल्याशिवाय असे गार्ड विकता येणार नाही.

आपल्याकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र लिहून अनधिकृत क्रॅश गार्ड व बुल बारवर कारवाई करायला सांगितले. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा हा भंग आहे, असे त्यात म्हटले होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-ए प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. “सगळेच लावतात” हे दुकानदाराचे उत्तर आरटीओसमोर चालत नाही. विम्याच्या दाव्यातही न कळवलेला बदल वादाचे कारण ठरू शकतो.

मग भावाच्या काळविटाचे काय? त्याचे उत्तर वेगात आहे. ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. ब्रेकवर पाय पोचेपर्यंत एक सेकंद धरला, तर कोरड्या डांबरी रस्त्यावर थांबायला एकूण साधारण ५५ ते ६० मीटर लागतात. ६० च्या वेगाला ३५ ते ४० मीटर पुरतात. हे मधले २० मीटर कोणत्याही गार्डपेक्षा जास्त कामाचे, कारण त्यात काळवीटही वाचते आणि ट्रॉलीवरचा माणूसही.

ज्यांच्या गाडीला आधीपासून गार्ड आहे त्यांनी ते ओळखीच्या मेस्त्रीकडून उतरवून घ्यावे. चासीजवळचे बोल्ट, मूळ बंपरचे ब्रॅकेट आणि नंबरप्लेट नीट बसली की नाही ते पाहावे. गार्डवर जादा दिवे असतील तर त्यांची वायर तोडून लोंबकळत न ठेवता पूर्ण काढावी. हेडलाइटची काच स्वच्छ ठेवून त्यांचा रोख तपासावा. ज्यांची ट्रॉली आहे त्यांनी मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी लावावी, खर्च अगदी किरकोळ आहे.

रस्त्यातली इजा देणारी वस्तू बाजूला करणे ही नेकी आहे, हे आपण मुलांना मक्तबमध्ये शिकवतो. दगड-काटे तर मुले उचलतातच. आपल्याच गाडीपुढे आवळलेल्या लोखंडाचा विचार घरातल्या मोठ्यांनी करायचा आहे.

भाऊ अजून पूर्ण पटलेला नाही. रात्री नान्नजपासून पुढे ६० च्या आत चालवायचे, एवढे त्याने भाभीसमोर कबूल केले आहे. गार्डचा निर्णय या रविवारी अब्बांसमोर होईल. तुमच्या घरी काय ठरले, तेही जरूर कळवा.