दोरी मागे का येत नाही?

मूलहून सावलीमार्गे गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक छोटेसे दुरुस्तीचे दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात तिथे मी तास-दीड तास बसून होतो. समोर पाठीवर बांधायचे तीन ब्लोअर ओळीने पडले होते. वणवा विझवताना पालापाचोळा उडवून जाळरेषा मोकळी करतात, ती ही यंत्रे. तिघांचे दुखणे एकच. दोरी ओढली की बाहेर येते, पण परत आत जात नाही.

दुकानदाराने स्टार्टरचे झाकण उघडून दाखवले. आत एक चकती, तिच्यावर गुंडाळलेली नायलॉनची दोरी आणि चकतीखाली चावीच्या घड्याळात असते तशी पोलादी पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग. पट्टीचे एक टोक झाकणात अडकवलेले, दुसरे चकतीत. दोरी ओढली की स्प्रिंग पिळली जाते, सोडली की ती दोरी परत गुंडाळते. हे सगळे काम टोकाच्या इवल्याशा आकड्यावर चालते, आणि मोडतो तो बहुतेकदा आकडाच. नवी स्प्रिंग फार महाग नसते, मिळाली तर. भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात आहे आणि गडचिरोलीत तरी नेमकी त्याच बनावटीची स्प्रिंग असेलच असे नाही.

म्हणून हा गृहस्थ जुनीच जगवतो. मोडलेले टोक तेवढे गॅसच्या ज्योतीवर लाल करायचे, मऊ झाले की पक्कडीने नवा आकडा वळवायचा. बाकीच्या पट्टीला आच लागता कामा नये, नाहीतर पोलादाचा ताव उतरतो आणि स्प्रिंग निव्वळ पत्रा होते. पट्टी बोटभर आखूड होते, पण चालते. बसवताना डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड मोजे हवेतच. निसटलेली स्प्रिंग चाकूसारखी लागते. शेवटी दोरीला दोन-तीन वेढ्यांचा ताण आधीच द्यायचा, नाहीतर मूठ लोंबकळत राहते.

मी विचारले, "इतक्या स्प्रिंगा तुटतात कशा?"

"स्प्रिंग तुटत नाई साहेब, तोडतेत," तो म्हणाला. "जूनमंदी मशीन ठेवली, टाकीत पेट्रोल तसंच. फेब्रुवारीत काढली त कार्बोरेटर चिकटला. मंग वढ दोरी, वढ दोरी."

या उत्तरात आपल्या कारभाराचे निदान आहे असे मला वाटते. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. उरलेले आठ महिने यंत्र पडून असते, ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा त्यात चिकटा होतो आणि ऐन धावपळीत चाळीसदा ओढलेल्या दोरीचा राग स्प्रिंगवर निघतो. म्हणजे स्प्रिंगची दुरुस्ती खरे तर जून महिन्यात, टाकी रिकामी करण्यापासून सुरू व्हायला हवी.

या जिल्ह्यांत ही बाब किरकोळ नाही. गडचिरोलीचा दोन-तृतीयांशांहून अधिक भाग जंगलाखाली आहे. चंद्रपूरकडे ताडोबा-अंधारीचा १७०० चौरस किलोमीटरहून मोठा व्याघ्र प्रकल्प आहे. इथला वणवा शेंड्याने धावत नाही, जमिनीवरच्या पानांतून सरकतो. म्हणूनच ब्लोअर इथे उपयोगी. मोहफुले वेचायला झाडाखालचा पाला जाळला जातो, तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणून आग लावली जाते, आणि एक काडी हाताबाहेर जाते. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून अशी आग टिपते. एका उपग्रहाच्या यंत्राला तर पावणेचारशे मीटरच्या चौकटीतली आग दिसते, आणि सूचना मोबाइलवर येते. आकाशातून निघालेला निरोप जंगलातल्या वनमजुराच्या हातापर्यंत पोचतो, आणि तिथे दोरी मागे येत नाही. मग डहाळी तोडून आग झोडपायची, आजोबांच्या काळी झोडपत तशी!

आपण यंत्रे विकत घेण्यात पटाईत आहोत. शेतीतही तेच. २०१४-१५ पासूनच्या केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात लहान, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना अनेक अवजारांवर ५० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते. ही टक्केवारी यंत्राच्या किमतीवर असते. पुढच्या वर्षीच्या स्प्रिंगवर नसते. खरेदीचा समारंभ होतो, फोटो छापून येतो. दुरुस्तीचा फोटो कोणी काढलेला मी तरी पाहिलेला नाही. सुरजागडच्या टेकडीवरून लोहखनिजाचे ट्रक निघतात, कोनसरीला कारखाना उभा आहे, गडचिरोलीला पोलादाची नगरी करू असे आपण ऐकतो. त्याच जिल्ह्यात हातभर पोलादी पट्टी दुकानात मिळत नाही, याला काय म्हणावे?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केले. त्यात पहिल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे आहेत, ही चांगली गोष्ट. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदाच केला: सुटे भाग, हत्यारे आणि माहितीपुस्तिका कंपनीने दिल्याच पाहिजेत.

कायद्याची वाट न पाहता करण्याजोगे बरेच आहे. खरेदी एकाच बनावटीची करावी, म्हणजे एकाचे सुटे भाग दुसऱ्याला लागतील. प्रत्येक परिक्षेत्रात स्प्रिंगा, दोऱ्या, प्लग यांचा एक डबा असावा. आणि जानेवारीत, हंगामाआधी, अशा दुकानदारांना रीतसर मोबदला देऊन यंत्रे तपासून घ्यावीत. आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलांनाही हे काम देता येईल. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावाने २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडणेच बंद केले. झाडांची छाटणी टळली आणि आगीचे एक कारणही गेले. हा मार्ग सगळ्यांत उत्तम. पण तेंदूच्या पैशावर वर्ष काढणाऱ्या प्रत्येक गावाला तो परवडणारा नाही, आणि तोवर ब्लोअर लागणारच.

निघताना त्याने एक ब्लोअर माझ्यापुढे केला. "वढा." मी जोरात झटका देणार, तोच थांबवले. "आदी हळू. दाब लागला का मंग." तसे केले. इंजिन दुसऱ्याच ओढीला भुरभुरले. मी खुशीत मूठ सोडून देणार, एवढ्यात त्याने माझे मनगट धरले.

"सोडू नका. हातानं नेऊन ठेवा."