डेस्टिनेशन जर्मनी, व्हाया चाळीसगाव

आपल्या खान्देशात नोकरी शोधायची एक सॉलिड सिस्टीम आहे. पहिला प्रश्न, गाव कोणतं? दुसरा, आडनाव काय? तिसऱ्या प्रश्नापर्यंत कुणाचा तरी मामेभाऊ पुण्यात त्याच कंपनीच्या एचआरमध्ये निघतो. काम फत्ते! आता हीच सिस्टीम घेऊन श्टुटगार्टला उतरा बरं. तिथे तुम्ही कुणाचेच भाचे नसता, बॉस.

धुळ्याचा माझा एक दोस्त सध्या या तयारीत आहे. मेकॅनिकल इंजिनिअर, वय २८, जळगावच्या एमआयडीसीत पाइप बनवणाऱ्या कारखान्यात तीन वर्षं. डोळा आहे तो जर्मनीच्या चान्सनकार्टवर. जून २०२४ मध्ये सुरू झालेलं हे कार्ड म्हणजे हातात ऑफर नसतानाही तिथे जाऊन वर्षभर नोकरी शोधायची परवानगी. डिग्री चालणारी हवी, शिवाय सहा पॉइंट्स. पस्तिशीच्या आत असाल तर दोन, गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव असेल तर दोन, तुटवडा असलेल्या पेशाचा एक, ए२ पातळीच्या जर्मनचा एक. झाले की सहा!

आणि इथेच गंमत आहे. इंग्रजी फर्स्ट क्लास असेल तर जर्मन न शिकताही काहींचे पॉइंट्स भरतात. पण पॉइंट्स मोजतं सरकार, नोकरी देतो मालक. गावाबाहेरच्या साठ माणसांच्या कारखान्यात सुपरवायझर इंग्रजीत का बोलेल? जळगावच्या एमआयडीसीत तरी कोण बोलतं? महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यातही पहिली पायरी जर्मन भाषेचीच.

आता पैशाचं बोलू, कारण घरात भांडण त्यावरूनच होतं. वर्षभराच्या खर्चाची सोय आधी दाखवावी लागते. २०२५ चा हिशेब महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे साधारण तेरा लाख रुपये. ते ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवायचे आणि तिथे गेल्यावर दरमहा थोडे थोडे काढायचे. पैसा आपलाच राहतो, मान्य. पण आधी उभा कुठून करायचा? वडील म्हणाले, शेत गहाण टाकू. आई म्हणाली, "तठे जाईसन काय करशी रे भाऊ?" मला विचाराल तर आईचा प्रश्न जास्त प्रोफेशनल आहे. बी१ पास होईपर्यंत सातबाऱ्याला हात लावू नये, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं. आठवड्याला वीस तासांच्या पार्टटाइम कामाची परवानगी या कार्डावर असते. असं काम आधीच ठरलं, तर ते कॉन्ट्रॅक्टही खर्चाच्या पुराव्याला चालतं. पण तेही मिळायला बोलता यायला हवं ना!

मग कागद. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर वेगळ्या रकान्यात, मध्ये वडिलांचं नाव. जर्मन क्लार्कला ही तीन वेगळी माणसं वाटू शकतात. त्यात आपलं विद्यापीठ! २०१८ पर्यंत नुसतं उत्तर महाराष्ट्र, मग कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र. परदेशी डिग्र्यांची जर्मनीची 'अनाबिन' नावाची यादी आहे, तिच्यात दोन्ही नावांनी शोधून पाहा.

आणि हो, 'पाच लाख द्या, नोकरी पक्की' म्हणणारा कुणी ना कुणी भेटतोच. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखालच्या नियमांनुसार परदेशी नोकरीला लावणाऱ्या एजंटची नोंदणी लागते आणि फी जास्तीत जास्त ३० हजार, वर जीएसटी. लायसन्स नंबर ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. विचारून बघा, मंडळी पटकन चहा मागवतात.

दोस्ताने सीव्ही नव्याने लिहिलाय. आधी त्यात 'हार्डवर्किंग' तीनदा होतं. आता आहे कोणती मशीन, किती व्यासाचा पाइप, ब्रेकडाऊन किती वेळात काढला. रोज पहाटे साडेपाचला ऑनलाइन क्लास, मग ड्यूटी. बी१ ची परीक्षा पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात द्यायचीय. तोवर राजीनामा नाही, असं घरात ठरलंय.