निष्क्रिय खाते आणि दोन सायकली



मागील अंकातील नामनिर्देशनाविषयीचा लेख वाचून काही वाचकांनी विचारणा केली, की निष्क्रिय खाते म्हणजे नेमके काय आणि त्यातील पैसे बुडतात काय? उत्तर थोडक्यात देतो. बचत किंवा चालू खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ ग्राहकाने स्वतः कोणताही व्यवहार केला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते खाते निष्क्रिय ठरते. येथे ‘स्वतः’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बँकेने आपणहून जमा केलेले बचत खात्यावरील व्याज किंवा कापून घेतलेले शुल्क हे ग्राहकाचे व्यवहार मानले जात नाहीत. पैसे मात्र बुडत नाहीत. बचत खात्यावर व्याज मिळत राहते. दहा वर्षे हालचाल नसेल तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते. तरीही खातेदाराचा किंवा त्याच्या वारसाचा हक्क कायम राहतो. ओळखीची व पत्त्याची कागदपत्रे नव्याने दिली की खाते पुन्हा सुरू होते आणि त्यासाठी शुल्क आकारता येत नाही.

हा नियम मी नोकरीत असताना शेकडो ग्राहकांना समजावून सांगितला. तो स्वतःच्या घराला लावून पाहण्याची बुद्धी मात्र यंदाच्या उन्हाळ्यात झाली, आणि तीही सायकल चालवताना.

निवृत्तीनंतर आम्ही उभयता कर्जतला स्थायिक झालो. चैत्र लागताच सौभाग्यवतींनी सायकल घेण्याची इच्छा बोलून दाखवली. त्यांचे माहेर बारामतीचे. लहानपणी वडिलांच्या उंच सायकलीच्या दांडीखालून पाय घालून त्या पेठेतून फिरत. लग्नानंतर सायकल सुटली ती सुटलीच. साठीच्या उंबरठ्यावर हा उद्योग कशाला, असे मी म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, “अहो, तुम्ही बँकेत असताना लोकांना पैसा फिरता ठेवायला सांगत होता. मग पाय का बसवून ठेवायचे?” डॉक्टरांचा सल्ला घेतला, रक्तदाब तपासून घेतला आणि दोन साध्या गिअरच्या सायकली घरी आल्या.

कर्जतचा उन्हाळा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना वेळेचे महत्त्व सांगायला नको. नऊनंतर डांबर तापते आणि डोंगरांनी वेढलेल्या या खोलगट भागात वारा पडतो. म्हणून आम्ही पहाटे साडेपाचला निघत असू. पहिला आठवडा उल्हास नदीच्या पुलापर्यंतच गेलो. दुसऱ्या आठवड्यात पळसदरी गाठली. पुढे कडाव झाले, कोंढाणे लेण्यांच्या पायथ्याचे कोंदिवडे झाले. शनिवारी-रविवारी फार्महाऊसकडे जाणाऱ्या मोटारींची वर्दळ असते, त्यामुळे ते दोन दिवस वर्ज्य केले. डोक्यावर हेल्मेट, मागे लाल दिवा, प्रत्येकी दोन बाटल्या पाणी आणि साखर-मिठाच्या पाण्याची एक बाटली, एवढी सिद्धता पुरे होते. मे महिन्यात रस्त्याच्या कडेला कातकरी आणि ठाकर समाजातील भगिनी पळसाच्या पानांवर करवंदे-जांभळांचे वाटे लावून बसत. त्यांच्याशी बोलण्यासाठी मोटार कोणी थांबवत नाही. सायकल मात्र सहज थांबते.

एका रविवारी सायकली घरी ठेवून पहाटेच्या लोकलने मुंबईस गेलो. कर्जतहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस शंभर किलोमीटर. फोर्ट भागात मी अनेक वर्षे नोकरी केली. पण स्थानकातून शाखेत आणि शाखेतून स्थानकात, यापलीकडे मान वर केली नव्हती. सुटीच्या दिवशी ते रस्ते मोकळे असतात. हुतात्मा चौकातून हॉर्निमन सर्कलला गेलो, १८३३ साली पूर्ण झालेल्या टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर टेकलो आणि तेथून चालत ओव्हल मैदानावर आलो. समोर राजाबाई मनोरा होता.

या मनोऱ्याची कथा आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी दोन लक्ष रुपयांची देणगी देऊन आपल्या मातोश्रींचे नाव या मनोऱ्यास द्यावे, अशी इच्छा व्यक्त केली. १८६९ मध्ये सुरू झालेले काम १८७८ मध्ये पूर्ण झाले. राजाबाईंना दिसत नसे. घड्याळाच्या टोल्यांवरून त्यांना सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ कळावी असा मुलाचा हेतू होता, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. बँकेच्या माणसाला त्याच काळातील आणखी एक गोष्ट आठवते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे येथील कापसाला सोन्याचा भाव आला आणि शेअरांचा बाजार फुगला. १८६५ मध्ये युद्ध संपताच तो कोसळला. शेअरांच्या तारणावर आणि माणसांच्या वजनावर कर्जे वाटणारी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. मी सौभाग्यवतींना हे सारे उत्साहाने सांगितले आणि म्हणालो, “म्हणूनच १९९८ साली मी दादांच्या बाबतीत नियम सोडला नाही.”

वाचकहो, येथे जुने पान उघडावे लागते. दादा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. खोपोलीस त्यांचे किराण्याचे दुकान. माझ्या शालेय सुट्ट्या त्याच दुकानाच्या माळ्यावर गेल्या आणि माझ्या एम.कॉम.ची फी काकांच्या गल्ल्यातून भरली गेली. १९९८ मध्ये दादांनी घाऊक व्यापारासाठी गोदाम घेण्याचे ठरवले आणि कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागितली. योगायोगाने ते प्रकरण माझ्या टेबलावर आले. नातेवाईक म्हणून मी निर्णय घेऊ शकत नव्हतो. फाईल वरिष्ठांकडे पाठवणे भाग होते. ती पाठवताना, साठापत्रकात दाखवलेला माल प्रत्यक्ष तपासणीत कमी आढळला, असा शेरा मी लिहिला. तो खरा होता. अर्ज नामंजूर झाला आणि छापील नमुन्यातील पत्र टपालाने दादांना गेले.

तेव्हापासून लग्नकार्यात नमस्कार होई. बोलणे होत नसे. पुढे दोघांकडेही मोबाईल आले. दिवाळीच्या शुभेच्छा जात, पर्युषणानंतर क्षमापनेचा संदेशही नेमाने जाई. माझा संदेश एका दाबात दीडशे जणांना जात होता. त्यांत दादा होते. बँकेच्या व्याजाप्रमाणे तो आपोआप जमा होत राहिला. खाते मात्र निष्क्रियच होते.

मैदानाच्या कठड्याशी उभ्या राहून सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “नियम बरोबर होता. पण नकार सांगायला तुम्ही स्वतः का गेला नाहीत? खोपोली काही लांब नव्हती.”

परतीच्या प्रवासात मी फारसा बोललो नाही.

कर्जत-खोपोली अंतर रेल्वेने पंधरा किलोमीटर. वाटेत पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी ही लहान स्थानके लागतात. रस्ताही बराचसा त्याच दिशेने खालापूर तालुक्यात उतरतो. पुढच्याच बुधवारी आम्ही सायकलीने निघालो आणि सातच्या सुमारास दादांच्या दारात उभे राहिलो. पाताळगंगेला मे महिन्यातही पाणी होते. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी १९१५ पासून टाटांच्या खोपोली येथील वीजघरातून खाली येते, म्हणून ती भर उन्हाळ्यात वाहते, हे मला काकांनीच लहानपणी सांगितले होते.

पहिल्या भेटीत वहिनींनी पन्हे दिले. दादा समोर बसले, वर्तमानपत्र चाळत राहिले आणि शेवटी म्हणाले, “ऊन लागेल, लवकर निघा.” दुसऱ्या बुधवारी ते बाहेर आले, सायकलीचे ब्रेक दाबून पाहिले आणि विचारले, “केवढ्याला घेतली?” मी आकडा सांगितला. “फसवले तुला,” ते म्हणाले. व्यापाऱ्याच्या तोंडून आलेले ते वाक्य मला आशीर्वादासारखे वाटले.

तिसऱ्या बुधवारी मी मनात जुळवून ठेवलेले निवेदन सुरू केले: नातेवाइकांच्या कर्जाविषयीचा नियम, वरिष्ठांचे अधिकार, माझी अडचण. दादांनी हात वर करून थांबवले.

“साठा कमी होता हे मला माहीत नव्हते का? माल उधारीवर गेला होता. तू लिहिलेस ते खरेच लिहिलेस.” मग थोडे थांबून म्हणाले, “पण पत्र आले त्या आठवड्यात तू खोपोलीला आला होतास. दुकानासमोरून गेलास. मी गादीवर बसलो होतो. तू मला पाहिलेस आणि मान वळवलीस.”

मला ते आठवत होते. इतकी वर्षे मी नियमाच्या आड लपवले होते ते हेच. मी म्हणालो, “चुकलो, दादा.” हाच अर्थ मी दरवर्षी छापील शब्दांत पाठवत होतो, तोंडाने उच्चारायला पाव शतकाहून अधिक काळ लागला. दादा काही बोलले नाहीत. वहिनींना हाक मारून त्यांनी आमच्या बाटल्या भरायला सांगितल्या.

यामुळे सारे पूर्ववत झाले असे मी म्हणणार नाही. जे गोदाम तेव्हा झाले नाही, ते झाले नाहीच. दुकान लहानच राहिले आणि त्या नुकसानीचा हिशेब कोणत्याही भेटीने चुकता होत नाही. काका हयात असताना मी गेलो नाही, ही बाब तर आता दुरुस्तीपलीकडची आहे. तरीही उरलेल्या उन्हाळ्यातील प्रत्येक बुधवारी आम्ही खोपोलीस गेलो.

आपल्या व्यापारी कुटुंबांत भागीदारी, वाटणी, उधारी, जामीन या कारणांनी अबोला धरलेली नाती थोडी नाहीत. अनेकदा व्यवहार योग्यच असतो. दुखावते ती सांगण्याची रीत, किंवा न सांगणे. नकार द्यावा लागला तर तो स्वतः जाऊन, समोर बसून द्यावा, एवढे तरी तरुण वाचकांनी माझ्या चुकीवरून शिकावे. ज्यांची वेळ टळून गेली आहे, त्यांनी घरच्या वहीतील निष्क्रिय खाती एकदा तपासावीत. बँकेत कागदपत्रे देऊन भागते. माणसांकडे प्रत्यक्ष जावे लागते, आणि एका भेटीत ओळख पटेलच असे नाही. सायकल हवीच असे नाही. मात्र घामाघूम होऊन दारात आलेल्या पाहुण्याला पाणी न देता कोणी परत पाठवत नाही, हा तिचा फायदा मी अनुभवाने सांगतो.

आता पाऊस लागला आहे आणि सायकली ओटीवर उभ्या आहेत. गेल्या बुधवारी सरी थांबेनात, म्हणून आम्ही निघालो नाही. आठ वाजता फोन वाजला. दादा होते. “आज आला नाहीत?” त्यांनी विचारले.

हा व्यवहार समोरच्या खातेदाराने स्वतः केला होता.