दमयंतीची परीक्षा

गेल्या महिन्यात बदलापूरच्या एका आजीबाईंचे पत्र आले. त्यांची नात चोवीस वर्षांची, पदवीधर, ऐरोलीस नोकरीला. मोबाइलवरील एका अ‍ॅपवरून तिची एका तरुणाशी ओळख झाली असून येत्या रविवारी आपण त्यास प्रथमच भेटावयास जाणार, असे तिने धाकट्या काकूस सांगितले. आणि काकूने ते, अर्थातच, सगळ्या घरास सांगितले. तेव्हापासून घरात दोन तट पडले आहेत. आजोबांचे म्हणणे, मोबाइल काढून घ्यावा. काकांचे म्हणणे, पोर मिळवती आहे, तिच्या मधे कोणी पडू नये. ‘मास्तर, मला दोन्हींत अर्थ दिसत नाही; आम्ही करावे काय?’ असा आजींचा प्रश्न. मासिक निघेतो रविवार होऊन जाणार, म्हणून त्यांस उत्तर मी त्याच दिवशी धाडले. परंतु हा प्रश्न एका घरचा नव्हे, तेव्हा येथेही चार शब्द लिहितो.

प्रथम आजोबांविषयी. मोबाइल काढून घेतल्याने ओळख थांबत नाही, फक्त ती आपल्यास कळेनाशी होते. ज्या मुलीने होऊन काकूस सांगितले, तिला पुढच्या वेळी न सांगण्याचा धडा आपणच घालून देतो. काकांचा पक्ष दिसावयास उदार आहे. पण मिळवत्या माणसास फसवणूक होत नाही, हे त्यांस कोणी सांगितले? उलट मिळवते माणूसच फसविण्याजोगे असते.

पूर्वी स्थळ आले म्हणजे काय होत असे ते आठवावे. मुलाचे नाव कळताच कोणाचा तरी मेहुणा कल्याणास निघे, कोणाची मावशी त्या आळीत राहिलेली असे, कचेरीतील एखादा कारकून ओळखीचा निघे. आणि पत्रिका जुळण्याच्या आधी मुलाच्या वडिलांचे कर्ज व मुलाचा राग ही दोन्ही आपल्या ओटीवर येऊन पडत. त्या चौकशीत चहाड्या पुष्कळ असत, अन्यायही होई. तथापि ती चौकशी होती. आपल्या शेजारचे उल्हासनगर पाहा. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीत उतरली आणि १९४९ साली त्या वस्तीस हे नाव मिळाले. ज्यांचा शेजारच मागे राहिला, त्यांनी एकमेकांची खात्री कोणास विचारावी? अ‍ॅपवर भेटणारी सारीच माणसे आज अशी शेजाराविना उभी असतात. नाव त्याने सांगावे तेच, वय सांगावे तेच, आणि छायाचित्र कोणाचे, हे ईश्वर जाणे.

अशी आपत्ती आपल्या वाङ्मयात नवीन नाही. महाभारतातील नलोपाख्यान ज्यांनी वाचले आहे त्यांस दमयंतीचे स्वयंवर आठवेल. विदर्भाच्या या राजकन्येने नलाचे वर्णन हंसाच्या मुखाने ऐकले आणि न पाहताच मनाने त्यास वरले. (हंस हा तेव्हाचा मध्यस्थ.) मंडपात येऊन पाहते तो एकासारखे एक पाच नल बसलेले! इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघे नलाचे रूप घेऊन आले होते. दमयंती रडत बसली नाही, आणि जो अधिक देखणा त्याच्या गळ्यात माळ घालून मोकळीही झाली नाही. तिने देवांस शरण जाऊन त्यांची लक्षणे प्रकट करविली व मग बारकाईने पाहिले. चौघांच्या अंगास घाम नाही, पापणी लवत नाही, गळ्यातील फुले कोमेजत नाहीत, अंगावर धूळ नाही, पाय भूमीस टेकत नाहीत. पाचव्याची सावली पडत होती, फुले मलूल झाली होती, अंगावर धूळ होती. तोच माणूस.

मला वाटते, आजच्या मुलामुलींस याहून उपयोगी परीक्षा नाही. ज्याची फुले कधीच कोमेजत नाहीत त्याचा संशय धरावा. खरा माणूस केव्हा थकलेला असतो, केव्हा चिडका असतो, गाडी चुकल्यामुळे त्याचे उत्तर यावयास उशीर होतो. लबाड मात्र अष्टौप्रहर गोड असतो, आणि आठवड्याच्या आतच जन्मोजन्मीच्या गोष्टी बोलू लागतो. खऱ्या माणसाच्या अंगावर धूळ असते, म्हणजे मागील आयुष्याच्या खुणा असतात: शाळेतील सोबती, जुनी छायाचित्रे, त्यास नावाने ओळखणारी चार माणसे. ज्याचे खाते तीन महिन्यांपूर्वी जन्मले आणि ज्याला कोणीच ओळखत नाही, त्याचे पाय भूमीस टेकलेले नाहीत. छायाचित्रावरून उलट शोध घेण्याची सोय आता इंटरनेटवर आहे. तेच मुख दुसऱ्या नावाने दुसऱ्या देशात निघाले, तर विषय संपला. राहिली पापणी. प्रत्यक्ष भेटीपूर्वी व्हिडिओवर बोलावेच. जो नाना सबबी सांगून तोंड दाखवीत नाही, तो छायाचित्रातला नव्हेच. हल्ली यंत्राने खोटे तोंडही चालते-बोलते करता येते, म्हणून समोरच्यास मान पूर्ण वळवावयास व तोंडापुढून हात फिरवावयास सांगावे. कित्येकदा सोंग तेथे फाटते. मात्र न फाटले म्हणून ते खरेच, असेही समजू नये.

आता एक गोष्ट सांगतो, ती मुलीची नव्हे. अंबरनाथास माझा एक स्नेही आहे. कारखान्यातून निवृत्त, पत्नी जाऊन चार वर्षे झालेली, घरात दोन मुले, सुना, नातवंडे. भरल्या घरात एकटा. त्यास विवाह जुळविणाऱ्या एका संकेतस्थळावर परदेशातील एक डॉक्टरीणबाई भेटल्या. दोन महिने रोज रात्री लिहिणे चाले. पुढे बाईंनी भेटवस्तूंचे पार्सल धाडले; लगेच ‘सीमाशुल्क कचेरीतून’ दूरध्वनी आला की पार्सलात परकीय चलन सापडले आहे, दंड भरा. त्याने भरला. मग दुसरे शुल्क, तिसरे शुल्क. चौथ्या वेळी पैसे संपले, तेव्हा रात्री दहा वाजता त्याने मला विचारले, “मास्तर, तुमच्याकडून चाळीस हजार मिळतील का? आणि मुलांस सांगू नका.”

पैसे गेल्याचे त्यास जितके दुःख नव्हते, तितकी सुनांच्या हसण्याची धास्ती होती. पहिल्याच हप्त्याच्या वेळी त्याने थोरल्या सुनेस नुसते विचारले असते, तरी ती एका वाक्यात उमगली असती. ती मुलगी बँकेत नोकरीला आहे! पण त्याच्या मनात होते, या वयात हे कसे सांगू? मी त्यास तसाच घेऊन घरी गेलो आणि त्या सुनेसमोर बसविले. ती हसली नाही. तिने आधी १९३० हा दूरध्वनी फिरविला.

हा क्रमांक प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे. सायबर फसवणुकीची तक्रार त्यावर नोंदविता येते, आणि शासनाच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही. तक्रार लवकर झाली तर पैसे पुढच्या खात्यांतून निघून जाण्यापूर्वी बँकेकडून रोखता येतात; दोन दिवस लाजण्यात गेले तर ते दहा खात्यांत विखुरतात. माझ्या स्नेह्याची शेवटची रक्कम अडली, आधीची गेली. सीमाशुल्क खाते कोणा खासगी माणसाच्या खात्यात पैसे भरावयास कधीही सांगत नाही. आणि पैसे घेण्यासाठी आपला यूपीआय पिन कधीही घालावा लागत नाही. ज्याचे तोंड पाहिले नाही त्यास एक रुपयाही नाही, या नियमास माझ्या मते अपवाद नसावा; आजारी आईचासुद्धा नाही. या कथांत आजारी आई नेमकी तिसऱ्या आठवड्यात येते.

पैशाहून वाईट भय छायाचित्रांचे. एखादीने, किंवा एखाद्याने, भरवशाने काही खासगी छायाचित्र धाडले आणि पुढे ‘सगळ्या नातलगांस पाठवीन’ अशी धमकी आली, तर पैसे देऊ नयेत. दिल्याने मागणी थांबत नाही, वाढते. संदेश पुसून टाकू नयेत, तोच पुरावा. कायदा धमकावणाऱ्याच्या बाजूस नाही. ही खंडणी आहे. खोटे रूप घेऊन फसविण्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ड कलमाखाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ६९ व्या कलमाने, लग्नाचे खोटे वचन देऊन वा ओळख लपवून स्त्रीशी संबंध ठेवणारास दहा वर्षांपर्यंत. गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदविता येतो. ‘आमची हद्द नव्हे’ हे उत्तर घेऊन परत येऊ नये.

पहिल्या भेटीविषयी आजींस मी लिहिले ते असे. भेट दिवसा, वर्दळीत, स्टेशनाजवळच्या एखाद्या उपाहारगृहात. कोंडेश्वरचा धबधबा आणि बारवीचा परिसर रम्य आहेत खरे, पण ते दहाव्या भेटीचे. पहिल्या भेटीचे नव्हेत. जाणे-येणे आपल्या आपण, त्याच्या वाहनावर नाही. ठिकाण तिने निवडावे, पेला नजरेआड करू नये. २०२४ साली अंधेरीकडे अशा भेटीस गेलेल्या तरुण मुलग्यांस मुलीने ठरविलेल्या मद्यगृहात नेऊन हजारो रुपयांचे बिल गळ्यात मारल्याच्या तक्रारी वृत्तपत्रांतून आल्या. म्हणजे मुलग्यांच्या आयांनीही निश्चिंत राहू नये. कोठे जाते आणि केव्हा परतणार, हे घरातील एका माणसास ठाऊक असावे. सगळ्या घरास नको.

शाकुंतलाच्या पाचव्या अंकात शार्ङ्गरव शकुंतलेस बजावतो की एकांतातील स्नेह विशेष पारखूनच करावा. बोलणे अगदी खरे. पण बोलतो केव्हा, तर दुष्यंताने तिला नाकारल्यावर. आणि मग ती दोघे ऋषिकुमार तिला तेथेच सोडून चालते होतात. मुलांस नाटक शिकविताना मला त्यांचा नेहमी राग येई.

हा राग पुन्हा आला तो वसईच्या त्या तरुणीची हकीकत वाचताना. डेटिंग अ‍ॅपवरून तिची एका तरुणाशी ओळख झाली. घरच्यांचा विरोध होता, ती घर सोडून त्याच्यासह राहू लागली. नोव्हेंबर २०२० मध्ये तिने नालासोपाऱ्याच्या तुळिंज पोलीस ठाण्यात, हा मारतो व जिवे मारण्याची धमकी देतो, असे लेखी दिले होते. पुढे ते मागे घेतले. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिची हत्या झाली, आणि त्या तरुणावर खुनाचा आरोप ठेवला गेला. तिच्या वडिलांची तक्रार झाली तोवर शरद ऋतू आला होता. त्या दुःखी कुटुंबास मी दोष देत नाही. तो माझा अधिकार नव्हे. परंतु कित्येक महिने एखादी मुलगी नाहीशी असावी आणि ते घरास न कळावे, इतके अंतर कोणत्याही भांडणाने पडू देऊ नये. विरोध करावा, उघड करावा, आठवड्यातून एक दूरध्वनी मात्र चालू ठेवावा.

आजींचे दुसरे पत्र काल आले. भेट झाली, स्टेशनाजवळच, सायंकाळी पाचास. ठिकाण फक्त आजींस ठाऊक होते. तरुणाने आपले वय तीन वर्षांनी कमी सांगितले होते, असे निघाले. नात पुन्हा जाणार की नाही, हे तिने सांगितलेले नाही आणि आजींनीही अजून विचारलेले नाही. काकू मात्र रोज विचारीत आहे.