साठीनंतरचीं धुळाक्षरें

आमच्या घरच्या दप्तरांत विजापूर दरबारच्या अमदानींतला इनामाचा एक कागद आहे. वर फारशी मजकूर, खालीं मोडी. मोडी भाग आजोबांनीं बाळबोधींत उतरून ठेवला. फारशीकडे मात्र तीन पिढ्यांत कोणीं पाहिलें नाहीं. संस्कृताच्या अभिमानानें मीहि ती लिपि ‘यावनी’ म्हणून दूर ठेविली. पुढें वाटूं लागलें कीं, ज्या कागदावर घराण्यानें इतकीं वर्षें अन्न खाल्लें, तो अर्धाच वाचून डोळे मिटणें बरें नव्हे. म्हणून गेल्या चातुर्मासांत पाटी घेऊन बसलों.

उजवीकडून डावीकडे लिहूं लागलों तेव्हां नातवंडें हंसलीं. पण हात आठ दिवसांत वळला. खरी अडचण नुक्त्यांची. एकाच होडीसारख्या आकृतीच्या पोटाखालीं एक टिंब दिलें कीं बे, तीन दिलीं कीं पे. माथ्यावर दोन दिलीं कीं ते, तीन दिलीं कीं से. शब्दाच्या आरंभीं ही होडी बुडते आणि लहानसा दांत तेवढा शिल्लक राहतो. अलिफ, दाल, रे, वाव हीं अक्षरें तर पुढच्याचा हातच धरीत नाहींत. अरबांचीं अक्षरें २८. इराण्यांनीं पे, चे, झे, गाफ हीं चार घालून तीं ३२ केलीं.

‘कलम’ लिहावयाचें तें क्, ल्, म् एवढेंच. मधले अकार वाचकानें पदरचे घालावयाचे. शिक्षा-प्रातिशाख्यांवर पोसलेल्या मनास हा प्रथम अनाचारच वाटला. पण आपली मोडी तरी ऱ्हस्वदीर्घ कोठें पाळते? शब्द आधीं ठाऊक असेल त्यालाच अशा लिपि प्रसन्न होतात, आणि येथेंच मराठी माणसाचें भाग्य. कागद, दौत, दप्तर, अर्ज, वकील हे शब्द आपल्या ओटीवर केव्हांचे येऊन बसले आहेत. ओळखावयाचा तो त्यांचा मूळचा पोशाख.

जमीन, हजर, जाहीर, जरा यांतला आपला एकच ज तेथें चार निरनिराळ्या अक्षरांनीं लिहितात. अरब त्या चारांचे उच्चार वेगळे करतो. इराणी चारहि सारखेच उच्चारतो, तरी लेखन सोडीत नाहीं. हें कळल्यावर माझें मलाच हंसूं आलें. षट्कोनांतला ष मी स्वतः श असाच उच्चारीत आलों, आणि मुलांनीं तो तसा लिहिला म्हणून जन्मभर गुण कापले!

शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रचलेल्या राज्यव्यवहारकोशांत रघुनाथपंतांनीं दरबारी यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले, हें मी वर्गांत अभिमानानें सांगत असें. त्यासाठीं त्यांस ते शब्द आधीं नीट कळलेले असले पाहिजेत, हें सांगावयाचें राहून गेलें. येथील फर्ग्युसन कॉलेजांत फारशी शिकविणारे कवि माधव जूलियन यांचा फारशी-मराठी कोश १९२५ सालीं निघाला. तो आतां माझ्या अमरकोशाशेजारीं असतो.

परवां पहिल्या ओळींत ‘परगणे’ जुळला. त्यापुढें एक नांव आहे, तें मोडींत नाहीं. तें बेनें सुरू होतें कीं पेनें, हें खालच्या टिंबांवरून ठरावयाचें; आणि नेमका तेथेंच कसरीनें कागद खाल्ला आहे.